यादीतलं सतरावं घर

कोलाशिन मागे पडलं, गाडी डोंगराच्या कच्च्या रस्त्याला लागली, तशी रोसांदानं फोन पुन्हा एकदा बघितला. रेंज गेली होती. म्हणजे आत्याला काही सांगायचं राहिलं असेल तर ते आता राहिलंच. शेजारी बसलेले विंको झुपान खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत होते आणि मधूनच मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होते. मेंढ्यांबद्दल माणूस एवढं काय लिहितो, ते तिला कळेना.

विंको ब्रसेल्सनं पाठवलेले तपासनीस. मूळचे स्लोव्हेनियाचे, साठीचे, उंच आणि अबोल. स्लोव्हेनिया आणि मॉन्टेनेग्रो एकाच जुन्या देशात होते तेव्हा त्यांनी सैन्यातलं एक वर्ष इथंच, निक्शिचला काढलं होतं, त्यामुळे ते इथली भाषा मोडकीतोडकी बोलत, पण त्यांना कळायचं मात्र सगळं. रोसांदाला हेच नडत होतं. दुभाष्या असता तर मधल्यामधे चार शब्द इकडचे तिकडे करता आले असते.

मॉन्टेनेग्रो युरोपीय संघात जायला निघाला तेव्हा रोसांदा तिशीतली होती. आता पंचेचाळिशी आली तरी निघणं चालूच होतं. वाटाघाटींची तीसेक प्रकरणं. एकेक उघडायचं, त्यावर वर्षानुवर्षं कागद धाडायचे, आणि कधीतरी ते बंद झालं की मंत्र्यांनी टीव्हीवर हसायचं. रोसांदा जनावरांची सरकारी डॉक्टर, त्यामुळे तिच्या वाट्याला खाण्यापिण्याचं प्रकरण आलं होतं. कत्तलखाने मिटले, मासे मिटले, मधसुद्धा मिटला. अडलं होतं ते डोंगरावरच्या चीजपाशी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, तसं.

संघाचा नियम असा की दूध ज्याला ज्याला टेकेल ती वस्तू गुळगुळीत, धुता येण्यासारखी हवी. आणि सिन्यायेविनाच्या पठारावर दूध टेकतं ते लाकडी काठवटीला. त्यावरची जाड साय मुरते मेंढीच्या कातड्याच्या बुधल्यात; तिला स्कोरुप म्हणतात, आणि ज्यानं ती खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असेल तर संघ सवलत देतो, नाही असं नाही. पण ती रीत अजून जिवंत आहे हे त्यांच्या माणसाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यासाठी रोसांदानं बेचाळीस घरांची यादी केली होती. तपासनीस त्यातलं एक घर निवडणार, ते बघणार, आणि शुक्रवारी अहवाल देणार. सवलत मिळाली तर बेचाळीस घरं पुढेही चीज विकतील. नाही मिळाली तर स्टील आणा, फरशी बसवा, नाहीतर धंदा बंद. आणि फरशी बसवण्याइतका पैसा ज्याच्याकडे असतो तो माणूस त्या डोंगरावर राहत नाही.

परवा विंकोंनी यादीवरून बोट फिरवलं आणि सतराव्या नावावर ठेवलं. वुकोसावा. रोसांदाची सख्खी आत्या.

आता, यादी करणाऱ्यानं एक कागद सही करून द्यायचा असतो की यादीतल्या कुणाशी आपलं नातं नाही. रोसांदानं तो दिला होता. सगळेच देतात. साडेसहा लाखांचा देश. नातेवाईक वगळायचे म्हटलं तर यादीत मेंढ्याच उरतील. तिच्या साहेबांचा मेव्हणा एकतिसाव्या क्रमांकावर होता. रोसांदाचं आडनाव लग्नानं बदललेलं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पण सही खोटी होती ती होतीच, आणि ती उघडी पडली तर एक घर नाही, सगळी यादीच परत जाणार होती.

म्हणून तिनं त्याच दिवशी आत्याला फोन लावला होता. रेंज मिळावी म्हणून आत्या फोन घ्यायला खडकावर चढते. पलीकडे वारा घोंघावत होता.

"आत्या, पाहुणा येतोय. युरोपचा. तू चीज कसं करतेस ते बघायला."

"येऊ दे की. पाहुणा कधी जड झालाय आपल्या घराला?"

"सगळं आहे तसंच ठेव. काही बदलू नकोस."

"ते माझ्यावर सोड."

"आणि... मला ओळखू नकोस."

मग रोसांदानं सहीचं सांगितलं, सवलतीचं सांगितलं, बेचाळीस घरांचं सांगितलं.

"म्हणजे तू माझी कुणी नाहीस," आत्या म्हणाली.

"तेवढ्यापुरतं गं."

"बरं," असं म्हणून आत्यानं फोन ठेवला. आत्याच्या 'बरं'ला फार अर्थ असतात आणि त्यातला एकही बरा नसतो, हे रोसांदाला लहानपणापासून ठाऊक होतं. आई गेल्यावर तिला वाढवलं ते याच बाईनं. स्वतः लग्न केलं नाही, भावाच्या घरात राबली, आणि भाऊही गेला तेव्हा दर शनिवारी स्कोरुपचे बुधले कोलाशिनच्या बाजारात नेऊन भाचीला डॉक्टर केलं.

गाडी वस्तीवर थांबली तेव्हा आत्या दाराबाहेर उभी होती. तिच्या अंगावर काळा ठेवणीतला पोशाख होता, पायांत शहरी बूट. रोसांदाला पहिल्यांदा आला तो वास. चुना आणि क्लोरिन.

"या साहेब, या," आत्यानं विंकोंचा हात धरला. "वाट नीट सापडली ना? प्रवासात दमलात?" मग रोसांदाकडे वळून, "आणि तुम्ही कुणाच्या?"

या डोंगरात नव्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो. तो विचारला नसता तरच संशय आला असता.

"मी पोदगोरित्साहून आलेय. खात्यातून," रोसांदा म्हणाली.

"कुठून ते झालं. कुणाच्या, ते विचारलं."

"लाकिचांची सून."

"माहेर?"

रोसांदानं तिच्याकडे बघितलं. हे नाटक होतं की टोमणा, कळायला मार्ग नव्हता. "माहेरचं आता कुणी उरलं नाही," ती म्हणाली.

"अरेरे," म्हणत आत्या आत गेली. तिच्या पाठोपाठ शिरताना विंकोंचं डोकं दाराच्या ठेंगण्या तुळईवर आपटलं. मागून रोसांदा वाकून आत आली, दारातली मोडकी फळी टाळून पाय ठेवत.

आत बघते तर काय. भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक. जिथं काठवटींची फडताळं असायची तिथं निळी प्लास्टिकची दोन पिंपं आणि चकचकीत स्टीलचं पातेलं, त्याच्या बुडाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला. छताला टांगलेले बुधले नाहीसे झालेले. भिंतीवरचा रोसांदाच्या बाबांचा फोटोसुद्धा उतरवलेला. आणि टेबलावर, इस्त्रीच्या रुमालावर, कारखान्याचं चीज, सारख्या चौकोनी चकत्या केलेलं.

आत्याचा चेहरा समाधानानं फुलला होता. दोन दिवस राबली असणार बिचारी. रोसांदाला ओरडावंसं वाटलं आणि रडावंसंही वाटलं. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर या डोंगरातली बाई आहे तसं कसं ठेवेल? पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं दाखवायचं, नसलं तर शेजाऱ्याचं आणून दाखवायचं, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. रोसांदानं अख्ख्या युरोपचे नियम पाठ केले होते आणि हा एक विसरली होती.

विंकोंनी चकती खाल्ली. रकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, घोट घेतला. वही उघडली.

"दूध कशात ठेवता?"

"ही काय पिंपं. एकदम स्वच्छ."

"लाकूड?"

"लाकूड नाही हो आता. ते जुन्या काळी. आम्ही काय तुर्कांच्या वेळचे राहिलोय?"

"कातडी?"

"छे छे," आत्यानं नाक मुरडलं.

विंकोंनी वहीत दोन शब्द लिहिले. रोसांदानं ते उलट्या बाजूनं वाचले. 'लाकूड नाही.' एवढं पुरे होतं. रीत मेलेली आहे, सवलतीचं कारण उरलं नाही, फाइल बंद. आणि खोटं काहीच नव्हतं; माणसानं जे दिसलं ते लिहिलं होतं.

"चांगलं आहे," विंको म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती. "मग सवलत कशाला? सगळं नियमात आहे. आमच्याकडेही असंच झालं. आम्ही संघात गेलो तेव्हा माझ्या आईकडे लाकडी भांडी होती. यादी कुणी केली नाही. तिनं ती जाळली." ते उठले. "पाणी कुठून घेता ते बघतो."

ते झऱ्याकडे गेले. त्यांची पाठ दिसेनाशी होते न होते तोच रोसांदानं आत्याचा दंड धरला.

"आत्या, काय करून ठेवलंस हे? तो लाकूड बघायला आलाय, लाकूड!"

"लाकूड बघायला?" आत्या खरोखर चकित झाली. "युरोपात झाडं नाहीत?"

"तुझ्या काठवटी बघायला. बुधले बघायला. ते दिसले नाहीत तर सगळ्या डोंगराचं चीज बंद होईल. तुला म्हटलं होतं ना, आहे तसं ठेव!"

"तू म्हणालीस पाहुणा येतोय. पाहुण्यापुढे त्या काळ्या काठवटी ठेवू? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. शेजारच्या मिलुनकडून पिंपं मागून आणली मी. मिलुनकडून! तीन वर्षं बोलत नव्हते त्याच्याशी."

"कुठे आहेत काठवटी?"

"मागे. नेच्यांखाली."

"मग आण ना!"

"आणि त्याला काय सांगू? की मी खोटं बोलले? माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्याशी?"

इथं माणूस जमीन सोडेल, पण आपल्या उंबऱ्याच्या आत खोटा ठरणं सोसणार नाही. झऱ्यावरून पावलं परत येत होती. रोसांदाला एकेक पाऊल ऐकू येत होतं. आत्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, लहानपणी ताप आलेला असताना बघायची तसं. मग शहरी बूट काढून ठेवले आणि अनवाणीच मागच्या दारानं बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत काठवट होती, धुरानं काळवंडलेली, आणि खांद्यावर भरलेला बुधला. ठेवणीतल्या पोशाखाला नेच्यांचा पाला चिकटला होता. विंको दारात उभे होते.

"साहेब," आत्या म्हणाली, "मी तुम्हाला फसवलं. ती पिंपं माझी नाहीत. ते चीज दुकानातलं आहे. माझं हे आहे. मला लाज वाटली म्हणून लपवलं." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. त्र्याहत्तर वर्षांत असं वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल.

विंको खाली बसले, काठवटीच्या कडेवरून बोट फिरवलं, नाक जवळ नेऊन वास घेतला. आत्यानं बुधल्याचं तोंड सोडलं आणि ब्रेडवर स्कोरुप थापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तिथंच बसून खाल्ला, मग आणखी एक मागितला. मग अर्धा तास ते विचारत होते आणि आत्या सांगत होती: कुठलं लाकूड, किती वर्षं टिकतं, उकळतं पाणी कितीदा, कातडं कोणत्या महिन्यातलं. वहीची सहा पानं भरली. 'लाकूड नाही' वर त्यांनी रेघ मारली. रोसांदाच्या छातीवरचा धोंडा हळूहळू हलू लागला. आता निघायचं, गाडीत बसायचं आणि शुक्रवारची वाट बघायची.

विंकोंनी वही मिटली. टोपी घातली. आणि दारापाशी, त्या तुळईला हात लावून थांबले.

"एक राहिलं," ते म्हणाले. "इथं माझं डोकं आपटलं. तुमचं नाही आपटलं, बाई. ती फळीही तुम्ही न बघता टाळलीत." ते चिडलेले नव्हते. उलट त्यांना हे विचारावं लागतंय याचं वाईट वाटत असावं. "मला विचारलंच पाहिजे. तुम्ही दोघी नात्यातल्या आहात का? असेल तर हे सगळं मला लिहिता येणार नाही. यादी परत जाईल, नवा माणूस येईल, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही. हे प्रकरण या हिवाळ्यात बंद व्हायचं होतं. मग कसल्याच सवलती मागता येणार नव्हत्या. रोसांदाला शब्द सापडेना.

आत्याला सापडला. "माझी एक भाची होती," ती शांतपणे म्हणाली. "भावाची मुलगी. शहरात गेली, मोठी झाली. ही ती नव्हे. या बाईंना मी आजच बघतेय."

बोलून झाल्यावर ती रोसांदाकडे बघत राहिली. विंकोही बघत राहिले.

"आणि तुम्ही?"

"मीही," रोसांदा म्हणाली. मग विंकोंकडे बघून तिनं पुन्हा म्हटलं, "मीही आजच बघतेय यांना. माझं इथं कुणी नाही."

विंकोंनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे त्यांचं त्यांना माहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "तसं लिहितो."

शुक्रवारी अहवाल आला, आणि तीन आठवड्यांनी ब्रसेल्सचं पत्र. सवलत मंजूर. बेचाळीसच्या बेचाळीस घरं. खात्यात केक कापला, साहेबांनी रोसांदाचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि मेव्हण्याच्या वतीनेही आभार मानले. रोसांदाला दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली. आत्याला तिनं रोज फोन केला, लागला नाही. खडकावर चढायला वेळ मिळत नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं, पण धाकधूक काही जाईना.

सप्टेंबरच्या शेवटी, हिवाळ्यासाठी माणसं-जनावरं डोंगरावरून खाली उतरायच्या आधी, ती पत्राची प्रत घेऊन एकटीच वर गेली. वाटेत मिलुननं गाडीला हात केला. त्यालाही कळलं होतं. सगळ्या डोंगराला कळलं होतं.

आत्या गोठ्यातून आली, हात पुसले. "या बाईसाहेब," ती म्हणाली. "वाट नीट सापडली ना? दमलात?"

रोसांदा हसली. "पुरे आता, आत्या. मिळाली सवलत! हे बघ." तिनं पत्र पुढे केलं.

आत्यानं पत्र घेतलं, नीट वाचलं, घडी करून टेबलावर ठेवलं. "फार उपकार झाले तुमचे. बसा." तिनं खिडकीजवळची पाहुण्यांची खुर्ची पुसून दिली. मग रुमाल अंथरला, रकिया ओतली, ब्रेड, स्कोरुप, सुकवलेलं मांस, एकेक आणून मांडलं. भिंतीवर फोटो अजून नव्हता. रोसांदा मदतीला उठली तर आत्यानं तिच्या हातातून बशी काढून घेतली. "पाहुण्यांनी उठायचं नसतं."

"आत्या, असं काय करतेस? तूच म्हणालीस ना आधी? तू म्हणालीस म्हणून मी म्हणाले. सगळ्या डोंगरासाठी म्हणाले. तुझ्यासाठी म्हणाले."

"खरं आहे. तुम्ही बरोबर केलंत. मीही बरोबर केलं. मिलुन तर चर्चमधे मेणबत्ती लावून आला तुमच्या नावानं."

"मग?"

आत्या तिच्यासमोर बसली. तिचे हात मांडीवर होते, आणि रोसांदाला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

"मी म्हटलं ते मला म्हणणं भागच होतं," आत्या म्हणाली. "तुझी नोकरी होती, लोकांची घरं होती. पण म्हटल्यावर मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, खोटं बोलतेय म्हातारी, ही माझी आत्या आहे, काय लिहायचं ते लिहा. तू तसं म्हटलं असतंस तर मी तुला शिव्याच घातल्या असत्या, सगळं घालवलंस म्हणून. जन्मभर घातल्या असत्या. तरी वाट बघितली मी."

रोसांदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात पुढे केला. आत्यानं तो दूर सारला नाही आणि धरलाही नाही.

चुलीवर कॉफीला फेस आला. आत्या उठली, कप भरला आणि बशीत ठेवून तिच्यापुढे सरकवला. "घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

रोसांदानं कप उचलला आणि खुर्चीत बसून, पाहुण्यासारखी, कॉफी प्यायली.